दिवाणखान्यातला गेमिंग पीसी आणि त्याची किमान हमी

गोव्याच्या पेडणे किंवा डिचोली तालुक्यातल्या घरात टीव्हीखाली गेमिंग पीसी ठेवायचे ठरले, की खरेदी बहुधा म्हापशाला किंवा पणजीला होते आणि हातात एक दरपत्रक पडते. त्यात प्रोसेसरचे नाव असते, रॅम 16 जीबी असते, एसएसडी 512 जीबी असते, ग्राफिक्स कार्डाचा क्रमांक असतो आणि तळाशी एक ओळ असते: ‘एसएमपीएस 500 वॉट’. या शेवटच्या ओळीत कंपनीचे नाव बहुधा नसते. हा एसएमपीएस, म्हणजे यंत्राला वीज पुरवणारा भाग, किती व्होल्टपर्यंत तग धरेल, तेही नसते. साखळीच्या किंवा हरमलच्या घरात यंत्र टिकणार की नाही हे मात्र बऱ्याच अंशी याच ओळीवर ठरते. दरपत्रकातले सगळे आकडे खरे असूनही ‘हे यंत्र माझ्या घरात, माझ्या विजेवर, मला हवा तो गेम किती वर्षे चालवील?’ या ग्राहकाच्या साध्या प्रश्नाचे उत्तर त्यात सापडत नाही. अनेक कंपन्या एकाच प्रकारचे यंत्र बनवतात तेव्हा हे उत्तर किमान मानकाने द्यायचे असते. माझे म्हणणे असे की आजवरची अशी बहुतेक मानके सुट्या भागांची यादी ठरवण्यातच अडकली. ज्यांनी यादीपलीकडे जाऊन लेखी हमी दिली, तीच ग्राहकाच्या उपयोगी पडली. गोव्याच्या घरांसाठी अशी हमी लिहायची, तर तिच्यात वीज, उष्णता आणि दमटपणा यांना प्रोसेसरच्या आधी जागा द्यावी लागेल.

या कल्पनेचा पहिला मोठा प्रयोग जून 1983 मध्ये जपानात जाहीर झाला. आस्की कंपनीचे काझुहिको निशी यांनी मायक्रोसॉफ्टच्या साथीने ‘एमएसएक्स’ हे मानक मांडले. घरच्या टीव्हीला जोडायचा संगणक सोनी, पॅनासोनिक, तोशिबा, सान्यो, यामाहा, फिलिप्स अशा कोणत्याही कंपनीचा असो, एकाचा गेम दुसऱ्यावर चालला पाहिजे, हा त्याचा गाभा. 3.58 मेगाहर्ट्झचा झेड-80 प्रोसेसर, ठरलेली चित्रचिप, ठरलेली आवाजाची चिप, 32 किलोबाइट रॉममध्ये बेसिक भाषा आणि कार्टरिजसाठी किमान एक खाच एवढे सर्वांना बंधनकारक होते. कळफलकाचा दर्जा, पेटीचा रंग आणि किंमत ज्याची त्याने ठरवायची. ही वाटणी शहाणपणाची होती. गेम लिहिणाऱ्याला ज्या गोष्टींची खात्री हवी त्या गोठवल्या आणि ज्यांवर कंपन्यांनी स्पर्धा करावी त्या मोकळ्या सोडल्या. मानक जपानबाहेरही गेले. ब्राझीलमध्ये ग्रादिएंते आणि शार्प यांनी ती यंत्रे बनवली, कुवेतच्या अल-आलमिया कंपनीने ‘सखर’ नावाने अरबी लिपीची यंत्रे विकली. 

एमएसएक्सची उणीवही तितकीच शिकण्यासारखी आहे. किमान रॅम फक्त 8 किलोबाइट ठेवली गेली. बहुतेक कंपन्यांनी 16, 32 किंवा 64 दिली, पण कॅसिओने 1984 मध्ये पीव्ही-7 हे स्वस्त यंत्र नेमक्या 8 किलोबाइटवर बाजारात आणले. गेमचा मजकूर रॉममध्ये बसवलेल्या कार्टरिजचे त्यावर निभावत असे. टेपवरून भरायचा गेम मात्र रॅममध्ये उतरवावा लागतो आणि त्याला जास्त जागा लागली, की तो त्या यंत्रावर चालत नसे. पेटीवर तेच बोधचिन्ह आणि तोच विश्वास, तरी गेम बंद. पेटीवरच्या चिन्हापेक्षा गेमला लागणारी खरी पातळी वर सरकली, की मानकाचा अर्थ तिथेच पातळ होतो. यावर एमएसएक्सकडे उपाय होता, तो म्हणजे पिढ्या. 1985 मध्ये एमएसएक्स-2 आले, 1988 मध्ये 2+ आणि 1990 मध्ये टर्बो-आर. जुने गेम नव्या यंत्रावर चालायचे आणि नव्या गेमच्या वेष्टनावर कोणती पिढी हवी ते छापलेले असायचे. ग्राहकाला चिपचे नाव कळण्याची गरज नव्हती, एक आकडा जुळवला की झाले.

पुढच्या दशकात अमेरिकेत ‘एमपीसी’ म्हणजे मल्टिमीडिया पीसीचे मानक आले. सुरुवातीला त्यात 286 प्रोसेसर पुरेसा मानला होता. तो फारच मंद असल्याची टीका झाली आणि किमान पातळी 386एसएक्सवर नेली गेली. 1993 मध्ये दुसरी पातळी 486एसएक्स आणि दुप्पट वेगाच्या सीडी ड्राइव्हची, 1996 मध्ये तिसरी पातळी 75 मेगाहर्ट्झ पेंटियमची. पातळ्यांना क्रमांक होते ही चांगली गोष्ट. पण पहिली पातळी ठरवताना गेमला काय लागते यापेक्षा त्या वेळी काय विकले जात आहे याकडे अधिक लक्ष गेले, असे ही दुरुस्ती पाहून वाटते. 1993 च्या ‘थ्रीडीओ’ची गोष्ट वेगळी आहे. ट्रिप हॉकिन्स यांच्या कंपनीने यंत्राचा आराखडा केला आणि पॅनासोनिक, गोल्डस्टार, सान्यो यांना तो बनवण्याचा परवाना दिला. तांत्रिक मानक चोख होते. आर्थिक गणित मात्र बसले नाही. निन्टेन्डो, सेगा आणि पुढे सोनी यांना यंत्रावर नफा कमी झाला किंवा तोटा आला, तरी प्रत्येक गेममागे मिळणाऱ्या हिश्श्यातून तो भरून निघे. पॅनासोनिकला सगळी कमाई पेटीच्या किमतीतूनच करायची होती. पेटी अमेरिकेत 699 डॉलरला आली. दोन वर्षांनी सोनीचे प्लेस्टेशन तिथे 299 डॉलरला मिळू लागले. अनेक कंपन्यांच्या मानकाला हा अडसर कायमचा आहे. पेटी बनवणारा आणि गेममधून कमावणारा वेगवेगळे असतात, त्यामुळे पेटी स्वस्त करण्याचा एकच मार्ग उरतो: तेच भाग मोठ्या संख्येने वापरणे. त्यासाठी मानक लागतेच.

हे सगळे माहीत असतानाही ‘स्टीम’ हे गेमचे ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने 2013 मध्ये ‘स्टीम मशीन’ची घोषणा केली आणि जानेवारी 2014 मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात डझनभर कंपन्यांच्या पेट्या मांडल्या. कल्पना दिवाणखान्याचीच होती: पीसीचे गेम, टीव्हीसमोरचा सोफा आणि लिनक्सवर आधारलेली स्टीमओएस. व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांनी आधी ‘चांगले, अधिक चांगले, सर्वोत्तम’ अशा तीन पायऱ्यांची भाषा केली होती. पेट्यांवर त्या पायऱ्या कधी छापल्या गेल्या नाहीत. सर्वात स्वस्त पेटी 499 डॉलरची आणि सर्वात महाग 6000 डॉलरची, दोन्हींवर नाव तेच. 499 डॉलरच्या पेटीवर कोणता गेम कसा चालेल हे कुणीच सांगत नव्हते. नोव्हेंबर 2015 मध्ये यंत्रे बाजारात आली तेव्हा विंडोजवरच्या गेमांपैकी थोडेच स्टीमओएसवर चालत होते आणि जे चालत होते त्यांतले काही त्याच यंत्रावर विंडोजपेक्षा मंद चालत असल्याचे चाचण्यांत दिसले. 2018 मध्ये स्टीमच्या दुकानातून त्या यंत्रांचा ठळक विभाग काढला गेला. त्याच वर्षी व्हॉल्व्हने ‘प्रोटॉन’ आणले, ज्यामुळे विंडोजचे गेम लिनक्सवर चालू लागले. 2022 मध्ये स्टीम डेक हे हातातले यंत्र आले. या वेळी व्हॉल्व्हने वेगळा क्रम धरला. आधी एकच यंत्र नक्की केले, मग एकेक गेम त्या यंत्रावर तपासून त्याला ‘तपासलेला’, ‘खेळता येण्याजोगा’ किंवा ‘चालत नाही’ असा शेरा दिला. स्टीमओएस दुसऱ्या कंपनीच्या, म्हणजे लिनोव्होच्या यंत्रावर आली ती त्यानंतर, 2025 मध्ये. यादीकडून हमीकडे झालेला हा प्रवास आहे. शेरा भागांना दिलेला नाही, गेम आणि यंत्र यांच्या जोडीला दिलेला आहे, हे त्यात महत्त्वाचे.

आपल्या देशात या विषयाचा एक मोठा प्रयोग कुणीही न ठरवता झाला. जुलै 1983 मध्ये जपानात आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या नकला नव्वदच्या दशकात ‘लिटल मास्टर’सारख्या नावांनी भारतभर विकल्या गेल्या. पेट्या निरनिराळ्या, बनवणारे निरनिराळे. त्यात बसणारी 60 पिनांची ‘कॅसेट’ मात्र सर्वांना सारखी. शेजारच्या घरातली कॅसेट आपल्या पेटीत घातली की चालायची. भारतातले टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला 50 चित्रे दाखवणारे. जपानी गेम 60 चित्रांच्या हिशेबाने लिहिलेले. तैवानच्या चिप उत्पादकांनी नकलेच्या चिपमध्ये वेळेची जुळणी अशी बदलली, की जपानी कॅसेट पाल टीव्हीवरही फारसा घोळ न होता चालावी. स्थानिक टीव्हीशी जुळवून घेणे हे किमान मानकाचे काम त्या निनावी अभियंत्यांनी केले. या नकला निन्टेन्डोच्या परवानगीशिवाय झाल्या होत्या, तेव्हा त्यांचे समर्थन करता येत नाही. कुणाचीच जबाबदारी नसल्याचा परिणामही त्यांत दिसतो. कॅसेटवर ‘9999 इन 1’ छापलेले असायचे आणि आत मोजकेच गेम पुन्हापुन्हा निरनिराळ्या नावांनी यायचे. ॲडॉप्टर तापायचा, कंट्रोलरची बटणे बसायची आणि दाद मागायला जागा नसायची. कॅसेट कुठेही चालेल ही हमी तंत्राने आपोआप मिळाली. यंत्र टिकेल ही हमी कुणी दिलीच नाही.

या प्रयोगांवरून असे दिसते की उपयोगी मानकात कामगिरी, मुदत आणि जबाबदार पक्ष ही तिन्ही एकत्र लिहिलेली हवीत. कामगिरी म्हणजे ‘टीव्हीच्या 1080 रेषांवर, सेकंदाला 60 चित्रे’ अशा भाषेत. भागांचे नाव किती फसवे असते ते एका उदाहरणाने कळेल. लॅपटॉपमधील ‘आरटीएक्स 4060’ या एकाच नावाच्या चिपला निरनिराळ्या यंत्रांत 35 वॉटपासून 115 वॉटपर्यंत वीज दिली जाते. वीज बदलली की वेग बदलतो, नाव तेच राहते. टीव्हीखालच्या छोट्या पेट्यांत अशाच चिपा वापरायचा मोह होतो, कारण त्या कमी तापतात. मुदतीबाबत आपल्या देशात तयार नमुना आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या तारांकित लेबलवर फ्रिज किंवा एसी कोणत्या काळातल्या निकषांवर तपासला ते छापलेले असते. निकष कडक झाले, की पाच ताऱ्यांचे जुने यंत्र चार किंवा तीन ताऱ्यांवर येते. जबाबदारीचाही नमुना आहे. 2012 च्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणी आदेशात पहिल्या पंधरा वस्तूंमध्ये व्हिडिओ गेमची यंत्रे होती. भारतीय मानक ब्युरोकडे नोंदणी झाल्याशिवाय ती विकता येत नाहीत. ही तपासणी विजेचा धक्का, आग अशा धोक्यांपुरती आहे आणि ती आवश्यकच आहे. मात्र गेम चालेल का, किती तापेल, वीज लुकलुकली तर काय होईल, हे तिच्या कक्षेत येत नाही. शिवाय दुकानात जोडलेला पीसी एक यंत्र म्हणून कोणत्याही प्रयोगशाळेत जात नाही, त्याचे भाग सुटे सुटे तपासलेले असतात.

आता गोव्याच्या घराकडे येऊ. पावसाळ्यात कुळागरातली माडाची झावळी किंवा फणसाची फांदी तारांवर पडली, की वीज जाते, येते, पुन्हा जाते. म्हणून घरोघरी इन्व्हर्टर आहेत. पीसीच्या एसएमपीएसला ‘होल्ड-अप’ नावाचा एक गुण असतो: वीज गेल्यावर आतल्या कपॅसिटरच्या साठ्यावर तो किती वेळ बाहेर पूर्ण व्होल्टेज देत राहतो. एटीएक्सच्या मार्गदर्शिकेत अनेक वर्षे पूर्ण भारावर सुमारे 16 मिलिसेकंदांची अपेक्षा होती. घरगुती इन्व्हर्टर ‘यूपीएस’ मोडवर असेल तर साधारण 10 ते 20 मिलिसेकंदांत बॅटरीवर येतो, साध्या मोडवर त्याहून अधिक वेळ घेतो. स्वस्त एसएमपीएसमधला कपॅसिटर लहान असतो, साठा 16 च्या आतच संपतो आणि पंखा व दिवा चालू राहिले तरी पीसी बंद होऊन पुन्हा सुरू होतो. त्या क्षणी गेम सेव्ह होत असेल तर फाइल खराब होऊ शकते, प्रणालीचे अपडेट चालू असेल तर यंत्र उघडेनासे होऊ शकते. त्यावर दुकानात मोठा यूपीएस सुचवला जातो. एका चांगल्या कपॅसिटरने जे साधले असते त्यासाठी ग्राहक वेगळी पेटी विकत घेतो. व्होल्टेजचेही तसेच. चांगला एसएमपीएस 100 ते 240 व्होल्टच्या पूर्ण पट्ट्यात चालतो. काही स्वस्त एसएमपीएसवर बारीक अक्षरांत 200 ते 240 एवढेच छापलेले असते. संध्याकाळी गावातल्या वाहिनीच्या शेवटच्या टोकाला दाब उतरला, की तो त्या पट्ट्याच्या काठावर येतो.

उष्णतेचा हिशेब असाच उघड आहे. प्लेस्टेशन 5 च्या पुस्तिकेत वापराचे तापमान 5 ते 35 अंश सेल्सियस दिले आहे. एप्रिल-मेमध्ये डिचोलीतल्या पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात दुपारी खोलीच 33-34 अंशांवर असते आणि यंत्र ठेवलेले असते काचेची दारे असलेल्या शोकेसमध्ये, टीव्हीखाली, मागची बाजू भिंतीला टेकवून. आतली हवा काही मिनिटांत 35 च्या वर जाते. मग चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवते आणि कागदावरची कामगिरी प्रत्यक्षात मिळत नाही. त्यात डिचोली हा खाण तालुका. लोहखनिजाची लाल धूळ बारीक असते, हीटसिंकच्या पट्ट्यांत बसते आणि पावसाळ्यातल्या दमट हवेने घट्ट होते. पेडण्याच्या किनाऱ्याला, म्हणजे मोरजी, मांद्रे, हरमल, केरी या पट्ट्यात, खाऱ्या वाऱ्याने पोर्ट आणि रॅमचे संपर्क गंजतात. यातली कोणतीही गोष्ट असाधारण नाही. कोकण किनाऱ्यावरच्या प्रत्येक इलेक्ट्रिशियनला ती पाठ आहे. मानके लिहिली जातात ती मात्र थंड, कोरड्या खोलीतल्या स्थिर विजेवर.

यावर पहिला आक्षेप येतो की मानकामुळे प्रगती अडते. किमान पातळी ठरवल्याने वरची हद्द बांधली जात नाही. एमएसएक्सच्या चार पिढ्या सात वर्षांत झाल्या आणि तारांकित लेबलमुळे फ्रिज मागे पडले नाहीत, उलट सुधारले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अशा अटींनी स्वस्त यंत्र महागेल आणि ज्याला कमी परवडते त्याच्या हातून तेही जाईल. किंमत थोडी वाढेल हे मान्य करावे लागेल. पण विस्तृत व्होल्टेजचा एसएमपीएस, पुरेसा कपॅसिटर, विजेच्या लाटेपासून संरक्षण देणारा व्हॅरिस्टर आणि काढून धुता येईल अशी जाळी यांचा खर्च ग्राफिक्स कार्डाच्या तुलनेत फार लहान आहे. एक मदरबोर्ड जळाला तर त्याच्या कितीतरी पट पैसे जातात, आणि हा खर्च कमी परवडणाऱ्यालाच जास्त बोचतो. तिसरा आक्षेप क्लाउड गेमिंगचा: गेम दूरच्या सर्व्हरवर चालेल, घरात फक्त टीव्ही पुरे. तसे झाले तरी घरातल्या राऊटरला तीच वीज लागते, बटण दाबल्यापासून चित्र हलेपर्यंतचा उशीर जोडणीवर ठरतो आणि मानकाची गरज एका पेटीवरून दुसऱ्या पेटीवर सरकते एवढेच.

गेम ही चैन आहे, तिच्यासाठी सरकारने किंवा समाजाने का डोके घालावे, असेही कुणी म्हणेल. याचे उत्तर गोव्याच्याच इतिहासात आहे. या शतकाच्या सुरुवातीला गोवा सरकारने ‘सायबरेज’ योजनेतून उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्यांच्या घरी संगणक पोचवले, पुढे लॅपटॉप आणि लहान वर्गांसाठी टॅबलेटही दिले. सरकार मोठे गिऱ्हाईक झाले, की निविदेतला तपशील हेच त्या वर्षीचे मानक ठरते. घरात आलेल्या यंत्रावर अभ्यासही होतो आणि गेमही. दोन्हींसाठी यंत्र न तापणे, न जळणे, वीज लुकलुकल्यावर बंद न पडणे सारखेच गरजेचे आहे. गेम चालवणारे यंत्र सर्वात जास्त ताण सोसते, म्हणून त्याच्यासाठी लिहिलेली हमी घरातल्या प्रत्येक संगणकाला पुरते.

आणि अशी हमी तपासण्याचे काम कुठे व्हावे, याचीही जागा पेडण्यात आहे. केंद्राच्या 2012 च्या इलेक्ट्रॉनिक उत्पादन समूह योजनेखाली तुये येथे सुमारे सहा लाख चौरस मीटर जमीन ‘इलेक्ट्रॉनिक सिटी’साठी राखली गेली. प्रकल्प रेंगाळला. तिथे मोठे कारखाने यायला हवेतच. त्यांच्या आधी मात्र एक लहान चाचणीगृह येऊ शकते. 40 अंशांची बंद पेटी, 90 टक्के दमट हवा, खारा फवारा, 160 ते 260 व्होल्टपर्यंत फिरवता येणारा पुरवठा आणि ठराविक मिलिसेकंद वीज तोडणारे स्विच, एवढ्या साधनांवर किनारी भारतात विकला जाणारा कोणताही गेमिंग पीसी, कन्सोल किंवा शाळेचा टॅबलेट तपासता येईल. गोवा हे लहान राज्य आहे म्हणून मोठ्या कंपन्या ऐकणार नाहीत, हे खरे असेल. पण हेच हवामान सिंधुदुर्गापासून केरळपर्यंतच्या किनाऱ्यावर आहे आणि तो बाजार लहान नाही. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नेटवर्कची यंत्रे बनवण्याचा अनुभव राज्याच्या पदरी आहेच.

असे चाचणीगृह उभे राहीपर्यंत ग्राहकाला थांबायचे कारण नाही. पुढच्या वेळी दरपत्रक हातात आले, की त्यातली शेवटची ओळ आधी वाचा. एसएमपीएसच्या कंपनीचे नाव, त्यावर छापलेला व्होल्टेजचा पट्टा आणि होल्ड-अपचा आकडा दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. जो गेम घरात खेळायचा आहे तो दुकानातच, टीव्हीच्या रेषांवर, निदान अर्धा तास चालवून दाखवायला सांगा. पहिल्या पाच मिनिटांत प्रत्येक यंत्र वेगवान असते, ते तापल्यावर कसे चालते ते पाहून मगच पैसे द्या.